लिफ्टमधली इंदूकाकू

लिफ्टमध्ये शिरणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे काका आधी बघतच नसत. बघत पायांकडे. चपला झिजल्यात की बूट चकचकीत आहेत, टाचा घाईत आहेत की रेंगाळतायत, एवढं एका नजरेत टिपायचं, जाळीचा दरवाजा खर्रकन ओढायचा आणि मग तोंड उघडायचं. घाईतल्या माणसाला चार मजल्यांत एक शब्द. निवांत माणसाला सबंध गोष्ट, आणि ती नेमकी त्याच्या मजल्यावर संपणारी. "माणसाकडे किती वेळ आहे ते त्याच्या पायांवर लिहिलेलं असतं," असं ते म्हणत.

डिलाईल रोडच्या मागल्या अंगाला, बंद गिरणीच्या भिंतीला लागून एक जुनी औद्योगिक इमारत आहे. तळमजल्यावर छापखाना, दुसऱ्यावर शाळांचे गणवेश शिवणाऱ्या बायका, तिसऱ्यावर औषधांचं गोदाम आणि चौथ्यावर आम्ही, व्हिडिओ गेम बनवणारी अकरा माणसं. लिफ्ट एकच आणि दिवसभर लिफ्टमन हे काका. पासष्टीच्या आसपासचे, किडकिडीत, ताठ. टक्कल पूर्ण, भुवया मात्र कोरल्यासारख्या. लाकडी स्टुलावर पाठ भिंतीला न टेकता बसायचे. कोणी वडीलधारं माणूस आत आलं की त्यांचा उजवा हात नकळत मानेमागे जायचा, तिथे काहीतरी नीट करून परत मांडीवर यायचा. तिथे करण्यासारखं काहीच नव्हतं. ह्या हाताचा अर्थ मला वर्षभराने कळला.

"कसे आहात काका?" ह्या प्रश्नाला मी त्यांच्याकडून एकच उत्तर दोनदा ऐकलं नाही. पहिले काही दिवस मी गंमत म्हणून ती उत्तरं मोबाइलमध्ये लिहून ठेवली. "आहे तिथंच. वर-खाली होतं ते तुमचं." "काल बरा होतो, आजची चौकशी चालू आहे." "इस्त्रीला दिलाय, संध्याकाळी मिळेन." मला त्यांचा हेवा वाटे, कारण गेममधल्या पात्रांचे संवाद लिहिणं हे माझं काम होतं. मी एम. ए. मराठी, दादरची, घरात तीन पिढ्या कारकुनी आणि शुद्धलेखन. आणि हा माणूस दिवसाला दोनशे वाक्यं लिफ्टमध्ये सांडून जात होता.

शिवाय ती सगळी एकाच माणसाची वाटत नसत. शिवणाऱ्या बायका चढल्या की ते खाष्ट सासू होत, "काय गो, आज डबो ल्हान दिसता? रुसलंस काय?" छापखान्याच्या मालकापुढे ते हिशेबनीस. आमचा मालक अनिश आला की राजदरबारातले भालदार, "महाराज, चौथा मजला. सांभाळून पाऊल टाकावं." अनिश माझ्याहूनही लहान. तो ह्या स्वागताने रोज लाजायचा आणि रोज लिफ्टनेच यायचा.

आमची ओळख झाली ती इंदूकाकूंमुळे.

इंदूकाकू हे आमच्या गेममधलं पात्र. खेळ असा होता की खेळणारा एका जुन्या चाळीत भाडेकरू म्हणून येतो, त्याला माळ्यावर एक कुलूपबंद ट्रंक सापडते, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलून ती कोणाची ते शोधायचं. नेहमीच्या गेममध्ये पात्रं ठरलेली चार वाक्यं बोलतात. आमच्या खेळात खेळणाऱ्याने माइकवर काहीही विचारावं आणि पात्राने तिथल्या तिथे उत्तर द्यावं, असा बेत होता. त्यासाठी आम्ही एआय वापरत होतो. मी प्रत्येक पात्राचं एक पान लिहायचे. नाव, वय, स्वभाव, त्याला काय माहीत आहे वगैरे. ते पान वाचून एआय त्या पात्राच्या तोंडचं बोलणं रचायचं. रचायचं म्हणजे रचायचंच. सगळी चाळ एखाद्या बँकेच्या चौकशी खिडकीसारखी बोलत होती.

एका सकाळी मी लिफ्टमध्ये फोनवर काकूंची चाचणी घेत होते. "काकू, ही ट्रंक कोणाची माहीत आहे का?" फोनमधून मधाळ आवाज आला, "नमस्कार! तुम्ही विचारलंत याचा मला आनंद झाला. ट्रंकेबद्दल मी तुम्हाला नक्कीच मदत करू शकते."

दुसऱ्या मजल्यावर त्यांनी लिफ्ट थांबवली. तिथे कोणी उभं नव्हतं.

"बाई आजारी आहे काय ती?"

"कोण?"

"फोनवरची. एवढं गोड बोलतेय म्हणून विचारलं."

मी हसत सगळं समजावलं. ते गंभीरपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे यंत्र आहे. बरं. यंत्र असू दे. पण चाळीतली आहे म्हणता ना? मग तिला विचारा, संध्याकाळी वाटीभर मीठ देशील का."

मी विचारलं. काकू म्हणाल्या, "हो, नक्कीच! किती हवंय?"

"दिवेलागणीला मीठ देते," ते म्हणाले आणि लिफ्ट सुरू केली. "ही बाई चाळीत आठ दिवस टिकायची नाही."

त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना वर घेऊन आले. आमच्याकडे रेहाना होती. माझगावची, मराठी शाळेत शिकलेली, आणि एआयची सगळी जोडणी तिच्या हातातली. तिने त्यांना हेडफोन दिले. त्यांनी ते कानाला न लावता टेबलावर ठेवले आणि पडद्याला खुर्ची चिकटवून बसले. इंदूकाकूंना पहिला प्रश्न केला, "जपानची राजधानी कुठली?" काकूंनी उत्तर दिलं, वर लोकसंख्याही सांगितली.

"हिला कलेक्टर करा."

"मग काकांनी... म्हणजे काकूंनी काय म्हणायला पाहिजे?" रेहानाने विचारलं.

त्यांनी खुर्ची फिरवली. मान किंचित वाकडी झाली, डोळे बारीक झाले, आणि समोर चक्क एक बाई बसली. आवाज बदलला नव्हता, फक्त त्याचं वजन बदललं होतं. "जपानाक कोण चल्लाहा? तुझो भाव काय? आवशीक सांगितल्यान काय तेना?"

रेहाना हसता हसता खुर्चीवरून उठली. मी मात्र बघतच राहिले. मी काकूंसाठी दीड पानं लिहिली होती. त्यांत हा, भाऊ आईला न सांगता निघालाय की काय असला संशय कुठेही नव्हता.

तेव्हापासून दुपारी अर्धा तास ते आमच्याकडे येऊ लागले. साडेचारला दुसरा लिफ्टमन आला की पुन्हा तासभर. अनिशने हौसेने त्यांची कार्डं छापून आणली, 'संवाद सल्लागार'. ती त्यांनी खिशात ठेवली आणि कोणाला दिली नाहीत. मी एकदा विचारलं, घरी तरी दाखवलंत का? म्हणाले, "घरी मी बोलत नाही. बायको ओळखते मला."

त्यांची पद्धत साधी होती. पात्राला काय माहीत आहे ह्यात त्यांना काडीचा रस नव्हता. ते विचारत, "ह्या घटकेला हिच्या गॅसवर काय आहे?" दूध उतू जायला आलं असेल तर काकू दारातून पळवून लावणार. डाळ शिजत असेल तर दहा मिनिटं गप्पा. मासे तळत असतील तर आत बोलावणारच नाही, कारण मग द्यावे लागतील. शेवटी आमच्या प्रत्येक पात्राच्या पानावर 'गॅसवर काय?' असा एक रकानाच आला. चाळीखालच्या वाण्याच्या पानावरसुद्धा तो होता. तिथे त्यांनी मला लिहायला लावलं, "काही नाही. म्हणून चिडलेला." वाण्याबद्दल त्यांचा आणखी एक नियम होता, की तो जास्त बोलता कामा नये. "दुकानदार फार बोलायला लागला की आपण काट्याकडे बघायचं."

मी फार लिहिते, ही त्यांची तक्रार कायम असे. "कोणाशी बोलतंस ता आधी बघ बाय, मगे काय बोलूचा ता आपसूक सुचता." चिडले किंवा खूश झाले की त्यांची भाषा कोकणात जाई.

मानेमागे जाणाऱ्या हाताचा उलगडा रेहानाने केला. तिने सरळ विचारलं, "काका, तुम्ही मागे काय चेक करता नेहमी?" ते म्हणाले, "अंबाडा."

तरुणपणी ते दशावतारात काम करत. ह्या कोकणातल्या नाटकात रामायण-महाभारतातलं एखादं आख्यान असतं, पण लिहिलेली संहिता नसते. प्रयोगाआधी म्होरक्या गोष्ट सांगतो, कोण राजा, कोण राक्षस ते ठरतं, आणि मग कोणी काय बोलायचं ते जो तो उभ्या उभ्या रचतो. समोरच्याने टाकलेला शब्द झेलायचा आणि परत टाकायचा. गिरणगावात कोकणातले कामगार होते, त्यांच्या चाळींतून अशी मंडळं होती. हे गिरणीत बदली कामगार आणि मंडळात बायकांची कामं करणारे, स्त्रीपार्टी. केस खरे वाढवलेले. त्यांची राणी बघायला लालबागपासून लोक येत, असं छापखान्याच्या म्हाताऱ्या फोरमननेही मला सांगितलं.

"मग सोडलं कधी?"

"संपात," एवढंच म्हणाले. मला वाटलं, गिरणी गेली, मंडळ गेलं, त्यातच हेही गेलं. तसं खूप जणांचं झालं होतं.

आठ-नऊ महिन्यांत इंदूकाकू ओळखू येईनाशा झाल्या, म्हणजे ओळखू यायला लागल्या. त्यांनी काकू होऊन केलेली शेकडो बोलणी आम्ही टिपली, ती एआयला नमुने म्हणून दिली, आणि हळूहळू काकू त्यांनी कधीच न उच्चारलेली, पण त्यांचीच वाटावीत अशी वाक्यं बोलायला लागल्या. ते समोर बसून ऐकत. एखादं चांगलं वाक्य पडलं की मांडीवर थाप मारून म्हणत, "झेलला! बरोबर झेलला!" त्यांना तेव्हा इतकं आनंदात बघितलंय की पुढचं सांगताना मला अजून जड जातं.

आम्ही दादरला एका छोट्या सभागृहात खेळ लोकांसमोर मांडला. वीसेक माणसं आली, त्यात एका प्रकाशक कंपनीचे दोन पाहुणे होते. खेळ मोठ्या पडद्यावर, आवाज स्पीकरवर. काका पांढरा कडक शर्ट घालून कोपऱ्यात उभे होते. सगळं छान चाललं होतं. काकूंनी एका कॉलेजच्या मुलीला "केस बांध आधी" म्हणून सुनावलं, लोक खूश झाले.

मग पन्नाशीच्या एक बाई पुढे आल्या. भाचीबरोबर आल्या होत्या, गेम त्यांनी आयुष्यात खेळला नव्हता. पण पडद्यावरची चाळ, ती गॅलरी, ते पिंप बघून त्यांना राहवलं नाही. माइक हातात घेऊन त्या ट्रंकेबद्दल विचारायचं विसरूनच गेल्या. काकूंशी शेजारणीसारख्या बोलायला लागल्या. "अगदी अशीच खोली होती हो आमची चिंचपोकळीला. माझी आई तुमच्यासारखीच, सगळ्यांवर ओरडायची. आता तिला आश्रमात ठेवलीय."

काकू म्हणाल्या, "ठेवलीय? भांडं आहे का ती, ठेवायला?"

सभागृह खो खो हसलं. वाक्य होतंच तसं. मीही हसले, हे कबूल करते. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी माइक टेबलावर ठेवला, फार हळू, आवाज होऊ नये असा, आणि पर्स घेऊन दाराबाहेर गेल्या. भाची मागे धावली. तिच्यामागे काका. जिन्यावरून ते उतरले, रस्त्यापर्यंत गेले. बाजाराची वेळ, फुलवाल्यांची गर्दी. परत आले तेव्हा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

"सापडल्या नाहीत," ते म्हणाले. इतक्यात अनिश आला, आनंदाने लाल झालेला. "काका, त्यांना प्रचंड आवडलंय! तो भांड्याचा पंच! मशीनने स्वतः केला, कोणी लिहिला नव्हता. सगळं रेकॉर्ड झालंय, आपण तीच क्लिप जाहिरातीला वापरू."

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. महाराज वगैरे काही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी लिफ्टमध्ये चढले. "कसे आहात काका?"

"बरा आहे."

तिसऱ्या दिवशीही, "बरा आहे." शिवणाऱ्या बायका एकमेकींकडे बघत उतरल्या. दुपारी ते वर आले नाहीत. चौथ्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत अनिश आणि रेहानालाच खाली घेऊन गेले. लिफ्ट तळमजल्याला उभी, दार उघडं, ते स्टुलावर. आम्ही तिघं आत उभे राहिलो आणि त्यांनी आमच्या पायांकडे न बघता सांगायला सुरुवात केली.

संप लागून बरेच महिने झाले होते. चाळीतली एकेक चूल गावाकडे निघाली होती. त्यांचा एक जोडीदार होता, मंडळातला राजपार्टी, म्हणजे राजाची कामं करणारा. एकाच खात्यात काम, एकाच बाकावर जेवण. त्याची पोरं लहान, बायको अंथरुणाला खिळलेली. एक दिवस त्याने ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की मी कामावर जायला लागलोय, पहाटे, मागच्या दाराने. कोणाला बोलू नको. संप मोडणाऱ्याला तेव्हा चाळीत काय म्हणत, ते आम्हाला सांगायची गरज नव्हती. त्याने जगात फक्त ह्यांना सांगितलं होतं.

त्याच आठवड्यात चाळीत पूजा होती. संध्याकाळी मंडळाचं आख्यान लागलं. राजा शिकारीला निघतो, राणी निरोप देते, एवढाच प्रवेश. तो राजा, हे राणी. समोर सगळी चाळ, सगळे उपाशी.

"राजा म्हणाला, 'राणी, आम्ही मृगयेला जातो.' आणि माझ्या तोंडून गेलं, 'महाराज, शिकारीला जाता, मग पहाटे हातात डबा कशाला असतो?'"

ते थांबले नाहीत.

"मला खरंच ते म्हणायचं नव्हतं. मनात राग होता, तो खरा. पण म्हणायचं नव्हतं. त्याने शब्द टाकला, मी झेलला आणि परत टाकला, सवयीने. लोक आधी हसले. पोट धरून हसले. मग एकेक जण हसायचा थांबला. लिहिलेलं नाटक असतं तर आदल्या दिवशी खोडता आलं असतं. तोंडातून गेलेलं कुठं खोडणार?"

"मग तुमच्या मित्राने काय केलं?" मी विचारलं.

"त्याने? तो राजाच राहिला. म्हणाला, 'राणी, रानात भूक लागते.' तलवार कमरेला लावली आणि प्रवेश पुरा केला. आरतीला उभा राहिला. तीन दिवसांनी त्यांच्या खोलीला कुलूप. सगळे गावी गेले, कुडाळच्या पुढं. त्यानंतर मी केस कापले."

अनिश खाली बघत होता. "काका, ती क्लिप मी काढतो."

"क्लिप काढ. पण इंदूला परत गोड करू नको," ते म्हणाले. "तुझ्या मनात तेच येणार आता."

त्याच्या मनात तेच आलं होतं. माझ्याही. रेहाना म्हणाली, "पण काका, मग परत कोणाला लागलं तर? उसको तो पता भी नहीं चलता, काय बोलली ते."

"तेच कळू दे तिला. चाळीत बायका एकमेकींना काय काय बोलत नाहीत? पण दुसऱ्या दिवशी नळावर तीच बाई उभी असते ना? दादरला ती बोलली आणि पुढच्या माणसाला हसून विचारायला लागली, काय हवं."

"म्हणजे तिने सॉरी बोलायचं?"

"इंदू? सॉरी? मेली तरी नाही." पहिल्यांदाच ते किंचित हसले. "ती दुसऱ्या दिवशी दारात येऊन कोथिंबीर मागेल. घरात असली तरी मागेल."

"मागेल? द्यायला नको काहीतरी?"

"देणारा वर असतो, पोरी. मागायला आली म्हणजे तुमच्या दारात खाली मान घालून उभी राहिली."

रेहानाने पुढचे दोन महिने त्यावर काढले. पात्रांनी आपण काय बोललो ते लक्षात ठेवायचं, समोरच्याचा आवाज पडला, तो मधेच निघून गेला, हे ओळखायचं, आणि मग आपापल्या पद्धतीने परत यायचं. काकू कोथिंबीर मागणार. वाणी वजनाला दोन दाणे जास्त टाकणार आणि वर बघणार नाही. खेळ बाहेर आला तेव्हा फार गाजला नाही. प्रकाशक कंपनीने तर मधेच अंग काढून घेतलं, त्यांना भांड्याचे पंच हवे होते. पण ज्यांनी खेळला त्यांतल्या बऱ्याच जणांनी आम्हाला लिहिलं, की ट्रंक कोणाची ते शोधायचं राहिलं, काकू रुसल्या होत्या. पुढे त्या इमारतीत बटणांची लिफ्ट आली, काका घरी बसले आणि आम्हीही जागा बदलली.

दादरच्या त्या बाईंचा नंबर नावनोंदणीच्या कागदावर होता. लिफ्टमधल्या त्या बोलण्यानंतर दोन दिवसांनी काकांनी मला तो लावायला सांगितला. मी स्पीकर चालू केला, कोण, कुठून ते सांगितलं, त्यांची माफी मागितली.

"अहो, यंत्राचं काय लागणार मला," बाई म्हणाल्या. "घरी याहून वाईट ऐकलंय. लोक हसले ना, ते लागलं."

काकांनी माझ्या हातातून फोन घेतला. "ताई, ते वाक्य माझं आहे."

"तुमचं? ते मशीन..."

"तिला बोलायला मी शिकवलं."

मग त्या म्हणाल्या, "मग तिला हेही शिकवा, की मी दर रविवारी जाते. तीन बस बदलून जाते."

"शिकवतो," ते म्हणाले.

फोन परत देताना ते स्वतःशीच दोनदा म्हणाले, "लोक हसले ना, ते." आणि पुढच्या सोमवारी लिफ्टवर बदली माणूस होता. काका गावी गेलेत, म्हणाला. त्यांचं गाव देवगडच्या बाजूला होतं. पण मला कळलं, ते कुडाळच्या पुढं, त्या जोडीदाराकडे गेले असतील.

आठवड्याने परत आले. मी सकाळी लिफ्टमध्ये चढले तेव्हा आम्ही दोघंच होतो. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं आणि दार ओढलं.

"आहे अजून," ते म्हणाले. "बायको गेली. मुलगा बाहेरगावी असतो, सून आहे जवळ. अंगणात सुपारी सोलत बसला होता. माझ्याकडे बघितलं आणि परत सोलायला लागला. मी पाणी मागितलं. सुनेला हाक मारली, पाणी आलं. मग पानाला चुना मागितला. चुना दिला. आणखी काय मागायचं ते सुचेना."

"कोथिंबीर," मी म्हटलं.

"नारळीपोफळीच्या बागेत कोथिंबीर काय मागू?" चौथा मजला आला. त्यांनी दार उघडलं नाही, लिफ्ट पुन्हा खाली नेली. "मग त्यानेच कारण विचारलं, 'कित्या इलंस?' मी हळूच म्हटलं, माझा चुकला. तो म्हणाला, 'काय? मोठ्यान बोल, कान गेले माझे.' मी जरा मोठ्याने म्हटलं. 'ऐकाक येणा नाय!' बाय, तिसऱ्यांदा मी असा ओरडलो, असा ओरडलो, की शेजारची माणसं दगडी गडग्याशी येऊन उभी राहिली. कुत्री भुंकायला लागली. माझा चुकला! सगळ्या वाडीने ऐकलं."

तळमजल्यावर छापखान्याचा माणूस आत यायला पुढे झाला. काकांनी त्याला हाताने थांबवलं आणि लिफ्ट वर घेतली.

"मग?"

"मग काही नाही. मान हलवली आणि सुपारी बाजूला ठेवली. सुनेला म्हणाला, पान एक जास्त वाढ. ती आतल्या खोलीत, चुलीपाशी. तिथून ती आपल्याशीच पुटपुटली, की मासे दोघांपुरतेच आहेत. मी दारात उभा, मलासुद्धा धड ऐकू आलं नाही. तो अंगणात, तिच्याकडे पाठ करून बसलेला. वळलादेखील नाही. म्हणाला, 'माझ्यातले वाढ तेका.'"

"म्हणजे... त्यांना ऐकू येत होतं?"

"अगदी पहिल्यापासून." चौथ्या मजल्यावर त्यांनी जाळीचा दरवाजा उघडला आणि मला वाट करून दिली. "मी त्याच्या जागी असतो तर चौथ्यांदाही ओरडायला लावलं असतं."